विजोड रंगांची गाडी कशी घडवावी? नवशिक्यांसाठी आठ धडे

अभिनंदन! मोटार कंपनीच्या 'रंग, साहित्य आणि फिनिश' खात्यात तुमची वर्णी लागली आहे. घरच्यांना वाटतंय की तुम्ही आता गाड्या बनवणार. वाटू द्या. तुमचं खरं काम वेगळं आहे. डॅशबोर्डचा वरचा भाग काळा, खालचा बदामी, दारावरचं पॅड त्याहून जरा पिवळट, छत राखाडी, गिअरची मूठ पुन्हा काळी आणि मधेच कुठेतरी लाकडाचं सोंग घेतलेली प्लास्टिकची पट्टी, अशी मांडणी तुम्ही करायची आणि तिला 'ड्युअल टोन' म्हणायचं. रंग चार झाले तरी ड्युअलच म्हणायचं. मोजायला कुणी बसत नाही.

रंगांतलं काही कळत नाही म्हणून घाबरू नका. घरात पडदे घेताना तुमचं मत कुणी विचारत नसेल, तर तुम्ही या पदाला अगदी योग्य आहात. एकच गोष्ट पक्की ध्यानात ठेवा: ग्राहक शोरूममध्ये गाडीत दहा मिनिटं बसतो आणि घेतल्यावर दहा वर्षं बसतो. तुम्हाला पगार पहिल्या दहा मिनिटांचा मिळतो.

धडा १: वरचा भाग काळा करा आणि कारण पाठ करा

सुरुवात खऱ्या शास्त्राने करा, म्हणजे पुढचं सगळं खपून जातं. डॅशबोर्डचा वरचा भाग फिका असेल, तर उन्हात त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर पडतं. ड्रायव्हरला रस्त्याच्या जोडीने डॅशबोर्डही दिसू लागतो आणि समोरचा स्पीडब्रेकर नेमका त्या पांढुरक्या पडद्याआड जातो. म्हणून वरचा भाग गडद आणि बिनचकाकीचा ठेवतात. या कारणाला कुणी हात लावू शकत नाही.

आता हेच कारण सर्वत्र वापरा. "दाराचं हँडल तपकिरी का?" काचेवर प्रतिबिंब पडतं. "मागच्या सीटची पाठ करडी का?" काचेवर प्रतिबिंब पडतं. "मागच्या सीटचं प्रतिबिंब पुढच्या काचेवर कसं पडेल?" असं कुणी विचारलंच, तर जरा हसा आणि "इंजिनिअरिंगचा विषय आहे" असं म्हणा.

गडद रंग ऊन पितो, ही बाब स्वतःहून काढू नका. अमेरिकेत ॲरिझोनाच्या उन्हात गाड्या तासभर उभ्या करून संशोधकांनी तापमानं मोजली आणि २०१८ साली प्रसिद्ध केली. डॅशबोर्ड सरासरी ६९ अंश सेल्सियस, स्टिअरिंग ५३, सीट ५१. अकोल्याच्या आणि चंद्रपूरच्या ग्राहकाला हे आकडे वाचून दाखवायची गरज नाही. तो मे महिन्यात स्टिअरिंगला रुमालाशिवाय हात लावत नाही.

धडा २: जिथे बूट लागतात तिथे फिका रंग द्या

फिक्या रंगाने जागा मोठी भासते. इथे हे फार कामाचं आहे, कारण आपल्याकडे जागा खरोखर मोठी करायची सोय कमी. २००६ पासून ४ मीटरच्या आतल्या छोट्या गाडीला करात सवलत आहे. इंजिनाची अट वेगळी, पण लांबीची अट ही अशी. त्यामुळे सेडानची डिकी कापून गाडी ३,९९५ मिलिमीटरवर आणून बसवण्याची कला आपल्याकडे विकसित झाली. लांबीला टेपचा धाक असतो, रंगाला नसतो. गुडघ्याला जागा देता येत नसेल तर बेज द्या.

हा बेज नेमका खालच्या अंगाला द्या: सीटवर, दाराच्या तळाशी, पाय घासतील तिथे. जुलैत चिपळूणला जाऊन आलेल्या कुटुंबाचे बूट डॅशबोर्डच्या वरच्या भागाला लागत नाहीत, म्हणून तो काळा. ते दाराच्या तळाला लागतात, म्हणून तो मलईच्या रंगाचा. नव्या जीन्सची निळाई सीटवर उतरते, त्याचीही धास्ती घेऊ नका. कापडाचा रंग घासून किती सुटतो याच्या चाचण्या आहेत आणि तुमच्या सीटचं कापड त्या पास झालेलं असतं. जीन्स कोणत्या चाचण्या पास झाली ते जीन्सवाल्याने बघावं.

धडा ३: एकच रंग पाच जणांकडून करून घ्या

हा या विद्येचा गाभा. डॅशबोर्ड पॉलिप्रॉपिलीनचा असतो, दारावरचं आवरण पीव्हीसीचं, म्हणजे आपलं रेक्झिन. सीटचं कापड पॉलिस्टरचं, खालचा गालिचा आणखी वेगळ्या धाग्याचा आणि छताचं कापड निराळंच. तोच रंग प्रत्येकात निराळा मुरतो. त्यात पृष्ठभागाचा खरखरीतपणा आला. रंगद्रव्य तंतोतंत एक असलं, तरी गुळगुळीत प्लास्टिक एक छटा दाखवतं आणि दाणेदार प्लास्टिक दुसरी.

हे पुरेसं वाटत नसेल तर पाच वेगवेगळे पुरवठादार नेमा. एक चाकणचा, एक मानेसरचा, एक चेन्नईजवळचा. प्रत्येकाला नमुन्याची तीच पट्टी पाठवा. रंगातला फरक 'डेल्टा-ई' या आकड्यात मोजतात. तो १ च्या आसपास असेल, तर साध्या डोळ्याला जेमतेम जाणवतो, म्हणून तुम्ही तेवढी सूट द्याल. चाकणवाला पिवळ्याच्या बाजूने १ ने सरकेल, मानेसरवाला निळ्याच्या बाजूने १ ने. दोघेही पास. दोघांचे तुकडे गाडीत शेजारी बसले की त्यांच्यातला फरक २. नापास कुणीच नाही, फक्त गाडी नापास. आणि गाडीची परीक्षा घ्यायची जबाबदारी कुणाच्याच कागदावर लिहिलेली नसते, हे आधीच बघून ठेवा.

सही करताना जागा जपून निवडा. रंग तपासायला प्रमाणित दिव्यांची पेटी असते. डी६५ हा दिवसाच्या उजेडासारखा प्रकाश, सुमारे ६,५०० केल्विनचा. 'ए' हा जुन्या पिवळ्या बल्बसारखा, २,८५६ केल्विनचा. टीएल८४ हा दुकानातल्या ट्यूबलाइटसारखा. दोन वस्तू एका दिव्याखाली जुळ्या दिसतात आणि दुसऱ्याखाली ओळख दाखवत नाहीत, या चमत्काराला 'मेटामेरिझम' म्हणतात. तिन्ही दिवे लावून पाहण्याचा आग्रह धरणारा सहकारी भेटला, तर त्याला चहाला घेऊन जा आणि परत येईपर्यंत सही होईल अशी व्यवस्था करा.

धडा ४: जुळत नसेल तर जोरात बिघडवा

नवशिका इथे हमखास फसतो. दोन बदामी छटा जुळेनात म्हणून तो महिनोन्‌महिने पुरवठादाराशी भांडतो. भांडू नका. सोनेरी नियम असा: थोडा फरक चूक वाटतो, मोठा फरक डिझाइन वाटतो. दार सीटहून किंचित पिवळं असेल, तर ग्राहक म्हणतो, "हे काय, पीस बदललाय की काय?" तेच दार सरळ चॉकलेटी करा. तोच ग्राहक बायकोला कोपराने ढोसून म्हणेल, "बघितलंस? काँट्रास्ट!"

इतिहास तुमच्या बाजूने आहे. १९७६ च्या फोक्सवॅगन गोल्फ जीटीआयमध्ये गुनहिल्ड लिल्येक्विस्ट या डिझायनरबाईंनी काळ्या केबिनमध्ये लाल-काळ्या चौकड्यांचं कापड बसवलं आणि गिअरच्या दांड्यावर गोल्फचा चेंडू लावला. आज त्या चौकड्यांवर लोक जीव टाकतात. बाईंना रंगांची जाण होती आणि त्यांनी ते ठरवून केलं, हा तपशील सादरीकरणात सांगायची गरज नाही. तुम्ही फक्त काळ्या सीटला लाल धाग्याची शिवण मारा आणि स्लाइडवर 'स्पोर्टी' लिहा. इंजिन तेच राहील.

धडा ५: जुळवणाऱ्यांचं काय झालं ते सांगत राहा

"सगळं एका रंगात का नाही करत?" हा प्रश्न कधीतरी येणारच. उत्तर तयार ठेवा.

एके काळी करत असत. जनरल मोटर्सने १९२७ मध्ये हार्ली अर्ल यांच्या हाताखाली कला आणि रंगाचा स्वतंत्र विभागच उघडला होता. पुढे पन्नास-साठच्या दशकांतल्या अमेरिकी गाड्यांत लाल म्हणजे लाल: सीट लाल, दार लाल, गालिचा लाल, स्टिअरिंगसुद्धा लाल. १९५५ मध्ये तर डॉज कंपनीने 'ला फाम' नावाची खास बायकांसाठीची गुलाबी गाडी आणली. आतलं कापड गुलाबी, आणि त्याला साजेशी पर्स, लिपस्टिकची डबी, रेनकोट आणि छत्री गाडीसोबत. मेळ छत्रीपर्यंत नेला. दोन वर्षांत गाडी बंद. बायकांना गाडी हवी होती, छत्री त्यांच्याकडे होती.

ही गोष्ट बैठकीत सांगा आणि थांबा. खरं कारण हिशेबखात्यात असतं. आतला रंग एक वाढला की दार, गालिचा, छत, सीटबेल्ट, झाकणं, स्क्रूच्या टोप्या, सगळ्यांचा वेगळा साठा करावा लागतो. काळा सर्वांत सोयीचा. काळ्यात पुरवठादारांच्या छटांचा फरक दिसत नाही आणि एकच काळी टोपी चार मॉडेलना लागते. म्हणून ज्या वस्तू सगळ्या गाड्यांत सामाईक, त्या काळ्या, आणि जी दाखवायची ती बेज. तुमच्या रंगसंगतीचा अर्धा भाग गोदामातल्या शेल्फांनी आधीच ठरवलेला असतो. तुम्ही फक्त त्याला नाव द्या.

धडा ६: रंगावरून ग्राहकाचं वय ठरवा

एकाच घरातल्या दोन गाड्या घ्या. २०१७ ची डिझायर आणि २०१८ ची स्विफ्ट. पाया एक, डॅशबोर्डचा सांगाडा जवळजवळ एक. डिझायरला डिकी आहे, म्हणजे मालक कुटुंबवत्सल. म्हणून आत काळा-बेज आणि वरच्या व्हेरिएंटला लाकडाचा भास. स्विफ्टला अशी बाहेर आलेली डिकी नाही, म्हणजे मालक तरुण. म्हणून आत सगळं काळं. लग्न ठरलं की माणसाची आवड काळ्याकडून बेजकडे वळते, असं गृहीत धरून चाला. पत्रिकेत नसलं तरी ब्रोशरमध्ये आहे.

मग एक दिवस वारा फिरवा. जो काळा रंग कालपर्यंत 'साधा' म्हणून खालच्या व्हेरिएंटला होता, तोच 'डार्क एडिशन' म्हणून वर न्या. टाटांनी २०१९ मध्ये हॅरियरची डार्क आवृत्ती काढली, लोकांनी ती उचलली, आणि मग काळोखाची रांगच लागली. बनवायला सोपा रंग जास्त पैशाला विकता येणं, याहून मोठं सुख या खात्यात नाही.

नावं देताना मात्र हात आखडू नका. 'मळखाऊ' हा शब्द ग्राहकाच्या तोंडी शोभतो, तुमच्या नाही. मळखाऊला 'मोका' म्हणा, पिवळटाला 'सँड', कळकटाला 'स्टोन'. रंग न जुळणं नावात झाकता येतं, कारण वाळू आणि दगड जुळावेत अशी कुणाचीच अपेक्षा नसते.

धडा ७: बोटांचे ठसे उमटतील अशी जागा राखून ठेवा

मध्यभागी, जिथे सगळ्यांचे हात जातात, तिथे काळंभोर चकचकीत प्लास्टिक लावा. त्याला 'पियानो ब्लॅक' म्हणतात. शोरूमच्या दिव्याखाली त्यात ग्राहकाला स्वतःचा चेहरा दिसतो आणि तो खूश होतो. आठवड्याने त्यात धूळ दिसते, महिन्याने ओरखडे, आणि दिवाळीत चकलीचं तेल. तोवर हप्ते सुरू झालेले असतात.

एवढ्यानेही समाधान झालं नाही, तर दिवे लावा. महागड्या मर्सिडीजमध्ये आतल्या सजावटीच्या उजेडाला ६४ रंग मिळतात. तुमची छटांची सगळी चूक रात्री जांभळ्या प्रकाशात धुऊन निघते. दिवसा काय करायचं हे तुमच्या खात्याकडे येत नाही.

धडा ८: उरलेली कामगिरी ग्राहकावर सोपवा

तुम्ही कितीही मेहनत घेतलीत तरी गाडी पूर्ण विजोड होत नाही. थोडी कसर राहते. ती ग्राहक भरून काढतो आणि त्याचे पैसे तोच देतो.

ज्या बेज सीटसाठी त्याने वरचं व्हेरिएंट घेतलं, त्या सीटवर तो पहिल्या आठवड्यात चॉकलेटी रेक्झिनचं कव्हर चढवतो. बेज मळू नये म्हणून. काही घरांत कंपनीचं पारदर्शक प्लास्टिक वर्षभर निघत नाही. उन्हाळ्यात पाठ चिकटते, पण आत रंग सुखरूप आहे याचं समाधान असतं. मग स्टिअरिंगला लाल-काळं आवरण, खाली निळ्या मॅट, मानेला राखाडी उशा, मागच्या काचेजवळ वाघाच्या पट्ट्यांची गादी, टिशूचा सोनेरी डबा आणि मुलाने आग्रहाने चिकटवलेला हिरवा बेडूक.

इथे एक गोष्ट मात्र गांभीर्याने सांगा, नोकरी गेली तरी चालेल. ज्या गाड्यांत बाजूची एअरबॅग सीटच्या कडेत असते, तिथे बाजारातलं साधं कव्हर तिची वाट अडवू शकतं. एअरबॅगसाठी फाटणारी शिवण असलेलंच कव्हर घ्यावं. आणि पुढच्या प्रवाशाची एअरबॅग डॅशबोर्डच्या ज्या झाकणाखाली असते, त्यावर काही म्हणजे काही ठेवू नये. देवाला जागा द्यायची तर दुसरी द्यावी. एअरबॅग उघडते तेव्हा वर काय ठेवलंय ते ती बघत नाही.

यानंतर ऊन आहेच. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केल्यापासून सूर्य निर्धास्त आत येतो. प्लास्टिक, कापड आणि रेक्झिन आपापल्या वेगाने विटतात. जे नवं असताना जुळलं होतं, तेही पाच वर्षांत वेगळं होतं. त्यात कधी अपघात होऊन एक दार बदललं, की नव्या पॅडचा मूळ रंग पाहून मालकाला प्रथमच कळतं, आपली गाडी कधी काळी कशी दिसत होती.

या धड्याचे खरे उस्ताद मुंबईचे टॅक्सीवाले. बाहेरून काळी-पिवळी, आतून छतावर गुलाबाच्या वेली, दारावर हिरवं रेक्झिन, सीटवर भलतीच नक्षी. २०१५ मध्ये सुरू झालेल्या 'टॅक्सी फॅब्रिक' या प्रकल्पाने तरुण डिझायनरांना या सीटा आणि छतं सजवायला दिली आणि जगाने वाहवा केली. शेवटची प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षं भरल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरात तीही रस्त्यावरून गेली. त्या टॅक्सीत काहीच कशाशी जुळत नसे. पण जो माणूस रोज बारा तास आत बसणार, त्याने ते स्वतः दुकानात उभं राहून निवडलेलं असे. तुमच्या प्रशिक्षणात हा भाग नाही. वगळून पुढे चला.

तक्रारी आल्यास

"दाराचा आणि सीटचा रंग वेगळा आहे." उत्तर: तो वेगळाच ठेवला आहे.

"शोरूममध्ये असा दिसत नव्हता." उत्तर: शोरूमचे दिवे गाडीसोबत मिळत नाहीत.

"बेज फार मळतो." उत्तर: आमच्याकडे काळी आवृत्तीही आहे. थोडी महाग आहे.

धोक्याचा ग्राहक कसा ओळखावा

शेवटी एक इशारा. क्वचित असा ग्राहक येतो, जो शोरूममधल्या चकचकीत गाडीत बसत नाही. तो टेस्ट ड्राइव्हची गाडी मागतो, तीही भर दुपारी, आणि ती उन्हात उभी करायला लावतो. दार उघडून सीट, पॅड आणि डॅशबोर्ड एका नजरेत बघतो. पुढच्या काचेवर काय उमटतंय ते ड्रायव्हरच्या जागी बसून तपासतो. ओला रुमाल फिक्या सीटवर घासतो. दोन वर्षं वापरलेलं तेच मॉडेल शेजाऱ्याकडे आधीच बघून आलेला असतो. आणि मग विचारतो, "हा बेज नको. याच व्हेरिएंटमध्ये, याच किमतीत, पुसता येईल असा एकच रंग द्या."

अशा ग्राहकाशी वाद घालू नका. असे शंभर जण रोज येऊ लागले तर तुमचं खातं बंद होईल आणि गाड्या बऱ्या दिसू लागतील. सध्या काळजीचं कारण नाही. बाकीचे अजून एसीत बसून सीटवर हात फिरवत "काय प्रीमियम वाटतंय!" म्हणत आहेत.